ताईसाठी आडवा पट्टा

माझी थोरली बहीण चाकू बनवते. वय अडुसष्ट. चाकूंच्या आधी तिने सव्वीस वर्षं एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भाजी चिरली, रोज चारशे माणसांची. तिथले चाकू बोथट असत आणि तक्रार ऐकायला कुणाला वेळ नसे. ती घरून धारेचा दगड नेऊ लागली. जेवणाच्या सुट्टीत आधी स्वतःच्या, मग शेजारणीच्या, मग सगळ्यांच्याच चाकूंना धार लावू लागली. धार नीट झाल्यावर तिला मुठी खटकू लागल्या. मुठी बदलल्यावर पात्यांचा आकार खटकू लागला. शेवटी तिने मोडीतलं करवतीचं पातं आणलं आणि स्वतःपुरता एक चाकू केला. तो आठ दिवसांत चोरीला गेला. "चोरीला गेला म्हणजे जमला," असं म्हणून तिने दुसरा केला.

निवृत्त झाल्यावर हेच तिचं पूर्णवेळ काम झालं. घराच्या पुढच्या खोलीत तिच्या सुनेचं केस कापायचं दुकान आहे, मागच्या खोलीत ताईचा कारखाना. मधे दार, त्याला जाड पडदा. पुढे कात्री चालते, मागे ग्राइंडर. ताईचा मुलगा बस चालवतो. तो म्हणतो, "घरात दोघींच्याही हातात कायम धारदार वस्तू असते, म्हणून मी कधी वाद घालत नाही."

भागात सगळे तिला धारवाल्या बाई म्हणतात. चाकू मागायला आलेल्या माणसाचं ती काही ऐकून घेत नाही. त्याच्या हातात एक कांदा आणि एक साधा चाकू देते आणि म्हणते, "काप." तो कापत असताना ती कांद्याकडे बघत नाही, कोपर आणि मनगटाकडे बघते. मग पुठ्ठ्यावर आकार काढते. एका मोठ्या हॉटेलातला मुख्य आचारी यावर चिडला होता.

"बाई, मी तीस वर्षं कापतोय."

"दिसतंय ना. तीस वर्षं मनगट वाकडं धरून."

त्याला तिने मूठ जराशी कलती ठेवून चाकू दिला. त्याचं मनगट दुखायचं थांबलं. आता तो हाताखालच्या माणसांना तिच्याकडे पाठवतो आणि पाठवताना बजावतो, "उलट बोलू नका, कांदा कापा."

मी तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. छत्तीस वर्षं फिटर होतो. फिटरचं काम म्हणजे लोखंड सपाट करायचं, काटकोनात बसवायचं आणि हलणार नाही असं घट्ट करायचं. तेवढं मला येतं.

गेल्या वर्षी ताईच्या उजव्या डोळ्याची नजर दोन दिवसांत गेली. आतली रक्तवाहिनी बंद पडली होती. डॉक्टर म्हणाले, डावा उत्तम आहे, उजवा परत येणार नाही. ताईने मान हलवली, घरी आली आणि दुसऱ्या दिवशी चष्म्याची उजवी काच काढून टाकली. कारण विचारलं तर म्हणाली, "उगाच वजन कशाला?"

दोन महिन्यांनी सुनेचा फोन आला. ती मला मामा म्हणते, नवऱ्याचा मामा म्हणून.

"मामा, आई मशीन चालू करतात आणि पाच मिनिटांत बंद करतात. मग आतून काही आवाजच येत नाही. तुम्ही या एकदा."

मी गेलो. ताई खिडकीपाशी जुन्या ग्राइंडरसमोर स्टुलावर बसली होती. मशीन बंद. हे मशीन उभं आहे. दोन इंच रुंद आणि सहा फूट लांब पट्टा, पॉलिश पेपरसारखा खरखरीत पण जाड, चाकांवर ताणलेला, छातीसमोर वरून खाली धावतो. पातं दोन हातांनी आडवं धरून पुढे ढकलायचं आणि पट्ट्याला लावायचं. दोन्ही बाजू उतरत्या घासल्या की मधे धार तयार होते. सांगायला सोपं आहे. एका ठिकाणी जास्त दाब पडला की पात्यात खड्डा पडतो, आणि खड्डा पडला की ते पातं मोडीत.

पायाशी पत्र्याचा डबा होता. त्यात वाया गेलेली पाती. प्रत्येकावर एकाच तऱ्हेची खूण, पट्ट्याची कड घुसून पडलेला नखाएवढा खड्डा.

"किती झाली?"

"अकरा."

मी मोजली. "नऊ आहेत."

"दोन मी मोडून टाकली. रागाने."

"हात थकला का ताई?"

"हाताला काय झालंय! हात तेच करतोय जे आजवर करत आला. डोळा खोटं सांगतो. मला वाटतं पट्टा अजून बोटभर लांब आहे, आणि पातं तर लागलेलं असतं." तिने पायाने डबा बाजूला सारला. "लगबगेला सांगून ठेवलंय. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी येऊन सगळं घेऊन जाईल. मशीन, पोलाद, पट्टे, ऐरण. सगळं."

लगबगे हाही चाकूच बनवतो, पलीकडच्या वस्तीत. आडनाव वेगळंच आहे, पण त्याला कधी कुणी शांत उभा पाहिलेला नाही.

"आणि मग तू काय करणार?"

"पुढच्या खोलीत केस झाडीन. तिथे अंतराचा अंदाज घ्यावा लागत नाही."

हे ती हसत म्हणाली, पण मान वर केली नाही. पहिल्या रविवारला तेवीस दिवस होते.

तिने चहा केला. कपात ओतताना तिने किटलीचं तोंड कपाच्या कडेला टेकवलं आणि मगच कलती केली. पूर्वी ती हातभर वरून धार सोडायची. नंतर तिने सुनेला पुठ्ठ्याचा फलक कापून दिला. पट्टी ठेवली, रेघ मारली, कापलं. रेघेवरून केसभरही ढळली नाही.

मी दोन काड्या घेतल्या आणि तिच्यासमोर धरल्या. एक जवळ, एक दोन बोटं मागे.

"कुठली जवळ?"

"हा काय खेळ?"

"सांग ना."

तिने सांगितलं. चुकलं. पाच वेळा विचारलं, तीन वेळा चुकलं. मग काड्या शेजारी धरल्या, मधे फट ठेवून. फट किती, ते तिने दर वेळी बरोबर सांगितलं.

म्हणजे पुढे-मागे कळत नव्हतं. डावं-उजवं चोख कळत होतं. आणि जुन्या मशीनवर सगळा कारभार पुढे-मागेच होता.

"ताई, पट्टा कुशीवर पाडायचा. आडवा. समोर एक टेबल. पातं त्या टेबलावर पाठीवर उभं करायचं, धार वर. तू वरून बघायचं. मग पातं आणि पट्टा यांच्यातली फट तुला या दोन काड्यांसारखी दिसेल, शेजारी शेजारी."

तिने जुन्या मशीनवर हात ठेवला. मग म्हणाली, "हेच आडवं पाड की."

"हे पाडलं तर पट्टा जमिनीला घासेल आणि मोटर तुझ्या मांडीवर येईल."

"मग नवीन कर. रविवारच्या आत."

"आणि लगबगे?"

"तो येणारच. झालं तर झालं, नाही तर त्याला चहा देऊन सगळं देऊन टाकीन. मी शब्द फिरवणार नाही आणि तारीखही पुढे ढकलणार नाही. नुसतं बसून मशीनकडे बघणं मला जमत नाही, धाकट्या."

काम सुरू झालं. आधी पुठ्ठ्याचं मशीन केलं. सुनेच्या दुकानात शांपूची मोठी खोकी येतात, ती कापून टेबल, चाकं, पट्ट्याची जागा असं सगळं खऱ्या मापात उभं केलं. ताई बसून काम करेल असं धरून मी उंची कमी ठेवली होती.

"ही उंची कुणाची?"

"तू बसशील म्हणून."

"बसून काम करायला मी काय तिकीटखिडकीवर आहे? बसले ते मशीन बंद होतं म्हणून."

टेबल तिच्या कोपरापर्यंत वर आलं. मग मी चाकांवर आणि पट्ट्यावर पुठ्ठ्याचं झाकण बसवलं. आमच्या कारखान्यात फिरत्या चाकावर झाकण नसलं तर मुकादम घरी पाठवायचा. ताईने पुढे होऊन वरून पाहिलं.

"वरून दिसावं म्हणून आडवं केलंस ना?"

"हो."

"मग हे छप्पर कुणासाठी? चिमण्यांसाठी?"

झाकण मागे सरकलं. चाकांवर राहिलं, पातं लागतं तिथे उघडं. पुठ्ठ्याच्या मशीनवर तिने लाकडी पट्टी घेऊन अर्धा तास हात फिरवला. तीन ठिकाणी कोपर अडलं, तीन ठिकाणी मी पुठ्ठा कापला. हा अर्धा तास दिला नसता तर तीच तीन ठिकाणं मला लोखंडात कापावी लागली असती.

मग लोखंड. बारा मिलीमीटर जाडीची प्लेट, दोन फूट बाय सव्वा फूट. हातकरवतीने कापायला एक दिवस, कानशीने कडा सरळ करायला दीड दिवस. बंद पडलेल्या लाकूडकामाच्या दुकानातून एक हॉर्सपॉवरची मोटर मिळाली. ती प्लेटखाली उलटी टांगली, दांडा भोकातून वर. तिचं वजन अठरा किलो. पाठीवर झोपून एका हाताने ती वर धरायची आणि दुसऱ्या हाताने बोल्ट फिरवायचे, असं चार वेळा केलं, कारण भोक तीन वेळा जरासं चुकलं. घासलेल्या लोखंडाचा चुरा दांड्यावरून मोटरीत उतरू नये म्हणून वर रबरी टोपी घातली. पट्टा ताणायला जुन्या दाराची स्प्रिंग. टेबल हवं तेवढं कलतं करता येईल असं, खाली दोन नटांवर.

पट्ट्याच्या मागे एक पोलादी पाठ लागते. पातं दाबलं की पट्टा तिच्यावर टेकतो. ती वाकडी असेल तर प्रत्येक पातं वाकडं. तिला मी चार दिवस दिले. दुसऱ्या सपाट प्लेटला निळा रंग लावायचा, तिच्यावर पाठ घासायची, जिथे रंग लागेल तो उंचवटा, तेवढाच कानशीने काढायचा, पुन्हा रंग. रोज तीन तास. चौथ्या दिवशी रंग सगळीकडे सारखा लागला.

उरली चाकं. एक मोटरीवर, दोन पट्टा फिरवायला. जुन्या मशीनच्या चाकांची मापं घेतली तेव्हा दिसलं की ती मधे किंचित जाड आहेत आणि कडांना किंचित बारीक. मी मनात म्हटलं, कडा झिजल्या, आणि कागदावर चाकं सरळ काढली. ती कातून घ्यायला लेथवाल्याकडे गेलो.

लेथवाला चांगला कारागीर आहे आणि अंगाने भरपूर आहे. त्याने कागद पाहिला.

"एकदम सरळ? पोट नको चाकाला?"

"तुझ्याजवळ आहे तेवढं पुरे."

तो हसला, त्याचं पोटही हसलं. "बरं फिटर. तुम्ही म्हणाल तसं."

चाकं सुरेख झाली. पट्टी लावून उजेडाकडे धरली तर मधून प्रकाशाचा धागाही दिसेना. मी ती वाटेत दोनदा पिशवीतून काढून पाहिली.

सतराव्या दिवशी मशीन उभं राहिलं. जुनं मशीन खिडकीपाशी होतं म्हणून हे कोपऱ्यात बसवलं, फरशीला भोकं पाडून, आठ बोल्टांवर, प्रत्येक बोल्टाला दोन नट, मुळाशी सिमेंट. ताई दारात उभी होती. मी बटण दाबलं.

पट्टा निघाला तो थेट खाली. मी दिशा जुळवायचा स्क्रू फिरवला, तो वर चढला आणि वरून बाहेर डोकावू लागला. उलटा फिरवला, पुन्हा खाली. प्लेटला घासून त्याची कड फाटू लागली. मी बटणाकडे हात नेला तेवढ्यात पट्टा सुटला, पडद्याखालून पुढच्या खोलीत गेला आणि तिथून किंकाळी आली.

पडदा सरकला. सुनेच्या एका हातात कात्री, दुसऱ्या हातात पट्टा.

"मामा! हा साप तुमचा का?"

तिच्या मागे खुर्चीत शाळेतल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांना केस खांद्यापर्यंत हवे होते. पट्टा पायाशी येऊन पडला तेव्हा सुनेचा हात उडाला आणि उजव्या बाजूचे केस कानापर्यंत आले. बाईंनी आरशात पाहिलं, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"आता दुसरी बाजूही एवढीच करा," त्या म्हणाल्या. "वर्गाला मी ओळखू यायला दोन दिवस लागतील. तेवढे दिवस तरी शांतता राहील."

पुढचे दोन दिवस मी नाकी नऊ येईपर्यंत शोधत राहिलो. स्प्रिंग बदलली. मोटर ओळंब्यात तपासली. चाकं एका रेषेत आहेत का ते दोऱ्याने पाहिलं. सगळं जसं हवं तसं होतं आणि पट्टा मात्र राहत नव्हता. एकोणिसाव्या दिवशी मी पाना खाली ठेवला. मुलगा कामावरून आला होता, तो हळूच म्हणाला, "मामा, लगबगेंना फोन करून ठेवू का, टेंपो मोठा आणा म्हणून?" ताईने त्याच्याकडे एका डोळ्याने बघितलं. तो हात धुवायला गेला.

मग ती मशीनपाशी आली आणि थांबलेल्या चाकावर तळहात फिरवला. एकदा, दोनदा.

"याचं पोट कुठे गेलं?"

"कसलं पोट?"

"जुन्या चाकाला मधे पोट आहे. दर आठवड्याला पुसते मी ते, हाताला लागतं. पट्टा त्याच्यावरच चढून बसतो."

"ते झिजून झालंय."

"नवीन आणलं तेव्हाही होतं."

मी उठलो आणि जुन्या चाकावर हात फिरवला. मग नव्यावर. पट्टा फिरताना चाकाच्या सगळ्यात उंच भागाकडे चढतो. मधे उंच असेल तर मधे राहतो. सगळीकडे सारखं असेल तर त्याला घर नाही, आणि कुशीवर पाडलेल्या मशीनवर तो आपल्या वजनाने खालीच जाणार. पट्ट्यावरची यंत्रं मी आयुष्यात शंभर तरी दुरुस्त केली असतील. चाकं दर वेळी तयार आली, मी बसवली. ती तशी का, हे विचारलं नाही. इथे मात्र समोर बरोबर चाक होतं आणि मी ते मेहनतीने बिघडवलं.

"तू काढलंस का ते?" ताईने विचारलं.

"काढलं."

"का?"

"वाकडं वाटलं."

"तेहतीस का छत्तीस वर्षं होतास फिटर?"

"छत्तीस."

"बरं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

लेथवाल्याने पिशवी पाहूनच ओळखलं.

"या फिटर. पोट?"

"पोट."

"म्हणजे त्या दिवशी बरोबर कोण होतं?"

"तू."

"जरा मोठ्याने. लेथ चालू आहे, ऐकू येत नाही."

लेथ बंद होती. मी मोठ्याने म्हटलं. त्याने समाधानाने चाकं लावली आणि कडा अर्धा-अर्धा मिलीमीटर उतरवल्या. तिन्ही मिळून पाऊण तास लागला.

त्या संध्याकाळी पट्टा मधोमध बसला आणि तिथून हलला नाही. मी पाऊण तास मशीन नुसतं चालू ठेवलं. सून कामं टाकून तीनदा डोकावून गेली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "मामा, आता घाबरून केस कापायची सवय झाली होती मला."

पण मशीन चाललं म्हणजे ताईचं काम झालं असं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने खरं पातं घेतलं, टेबलावर पाठीवर उभं केलं आणि पट्ट्याकडे नेलं. खड्डा पडला.

बारावं.

मी काही बोलणार तेवढ्यात तिने हात वर केला. "गप्प. या वेळी डोळ्याने बरोबर सांगितलं. लागलं ते मला दिसलं. हातानेच जुन्या सवयीने ढकललं." खोटं कोण सांगतंय ते बदललं होतं, आणि तिच्या मते हाताला शिकवता येतं.

तिने चांगलं पोलाद बाजूला ठेवलं आणि भंगारातल्या लोखंडी पट्ट्या मागितल्या. मी चाकूच्या मापाच्या पट्ट्या कापत गेलो, ती घासत गेली. एक पट्टी, दोन्ही बाजू, बघायची, फेकायची. पहिल्या दहांवर खड्डे. पुढच्या दहांवर खड्डे नाहीत, पण उतार एका बाजूला जास्त. तिने टेबलाचा कल मला अर्ध्या फेऱ्याने कमी करायला लावला. मग दर पट्टीबरोबर तिचे खांदे थोडे खाली येत गेले. पूर्वी ती पट्ट्यावर ओणवून दातओठ खाऊन काम करायची. आता सरळ उभी होती आणि खाली बघत होती, पुस्तक वाचल्यासारखी. दोन दिवसांत बेचाळीस पट्ट्या झाल्या. तिचा तळहात सोलवटला. सुनेने पट्टी बांधून दिली आणि म्हणाली, "आई, आज पुरे." ताई म्हणाली, "तुझी कात्री बोथट झाली तर तू पुरे म्हणतेस का? दुसरी घेतेस." आणि डाव्या हाताने पाणी प्यायली.

शनिवारी सकाळी तिने करवतीच्या पोलादाचं पातं घेतलं. आकार आधीच कापलेला होता, त्या मोठ्या हॉटेलातल्या आचाऱ्याच्या दुसऱ्या चाकूचा, ज्याची वाट बघून बघून त्याने विचारायचंही सोडलं होतं. ती घासायची, पातं तापलं की पाण्यात बुडवायची, पुसायची, बघायची, पुन्हा. तीन तास. मी काहीच केलं नाही, आणि त्या महिन्यातलं ते सगळ्यात कष्टाचं काम होतं.

तिने पातं पुसून माझ्याकडे दिलं. "माप."

मी व्हर्नियर लावला. दोन्ही उतार टोकापर्यंत सारखे. मुठीकडे डावा उतार उजव्यापेक्षा थोडा रुंद.

"मुठीपाशी दोन दशांश मिलीमीटरचा फरक आहे," मी म्हटलं. "डावीकडे. चालेल तसं."

"कुणाला चालेल?"

तिने ते माझ्या हातातून घेतलं, उजवी बाजू पुन्हा लावली, चार हलके हात फिरवले आणि परत दिलं. आता मला फरक सापडेना. मी तीन ठिकाणी पाहिलं, मग पाच ठिकाणी.

"काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे चूक नाही."

"मग सरळ बोल की," ताई म्हणाली. "भूक लागलीय मला." आणि आत जाऊन दोन भाकऱ्या वाढून घेतल्या, उभ्यानेच.

लगबगेला रविवारी दहाची वेळ दिली होती. तो साडेसातला टेंपो घेऊन आला आणि पडदा सरकवतानाच बोलू लागला.

"बाई, चला, उरकू. आधी मशीन, मग ऐरण, पोलाद शेवटी. टेंपोवाला थांबत नाही. हे काय नवीन? हेही जाऊ दे, बसेल टेंपोत."

"त्याला हात लावू नकोस."

"सगळं म्हणाला होतात."

"म्हणाले होते. जुनं मशीन तुझं, ते ने. बाकी काही नाही."

"बाई, असं कसं? मी जागा करून ठेवली. तुम्ही तर म्हणालात की आता जमत नाही."

"मी कधी शब्द फिरवत नाही. आज फिरवला, त्याबद्दल दोन शिव्या घाल. बाहेर जाऊन घाल, पुढे गिऱ्हाईक बसलंय." आणि तिने शनिवारचं पातं त्याच्या हातात दिलं.

लगबगे स्वतः कारागीर आहे. त्याने पातं खिडकीकडे नेलं, धार डोळ्यांसमोर धरली, उलटं केलं, पुन्हा धरलं. उतारावरून अंगठा फिरवला. त्याचा पाय हलायचा थांबला. बाहेर टेंपोवाल्याने हॉर्न दिला, तो त्याला ऐकू आला नाही.

"कुणी घासलं?"

"मी."

"एका डोळ्याने?"

"तू दोन्ही उघडून असं एक घासून दाखव."

तो हसला नाही. पातं फडक्यावर अलगद ठेवलं. मग कोपऱ्यातल्या मशीनभोवती फिरला, वाकून मोटर पाहिली, टेबल हलवून पाहिलं. "बाई, हे वरून बघत घासायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"याच्या," ताईने माझ्याकडे बोट केलं. "चाकं सोडून."

लगबगेने शिव्या घातल्या नाहीत. बराच वेळ तो चहा पीत बसला, टेंपोवाल्यालाही आत बोलावलं. जुनं मशीन चौघांनी उचललं, मी, लगबगे, टेंपोवाला आणि भाचा. वाटेत दोनदा खाली ठेवावं लागलं. टेंपो गेला.

परत आलो तेव्हा ताई खिडकीपाशी उभी होती, जिथे जुनं मशीन होतं तिथे. फरशीवर त्याच्या आकाराचा चौकोन उजळ दिसत होता. तिने तो झाडून घेतला होता.

"उजेड इथे आहे," ती म्हणाली. "ते इकडे आण."

"आठ बोल्ट आहेत ताई. सिमेंटमधे. आधी का नाही सांगितलंस?"

"आधी इथे राहायचं की नाही तेच कुठे ठरलं होतं?"

मी पाना आणि छिन्नी घेतली. दुपारपर्यंत पाच निघाले.